जपानच्या गावांत अस्वलं का शिरतात, आणि तिथे फिरायला जाणाऱ्यांनी काय करायचं

५ ऑक्टोबर २०२५ रोजी जपानमधल्या शिराकावागो गावात, बस थांब्याजवळ उभ्या असलेल्या एका स्पॅनिश पर्यटकावर अस्वलाने हल्ला केला. हाताला नखं लागली, जिवावरचं थोडक्यात निभावलं. शिराकावागो म्हणजे जाडजूड गवती छपरांच्या घरांचं ते डोंगरातलं गाव. १९९५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या जपान सहलींच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो बहुतेक असतोच. दिवाळी तेव्हा दोन आठवड्यांवर आली होती. माझ्या ओळखीतली दोन कुटुंबं बॅगा भरत होती, आणि दोन्ही घरांतून मला एकच प्रश्न आला: "अगं, जपान म्हणजे बुलेट ट्रेन आणि रोबो ना? तिथे बस स्टॉपवर अस्वल कुठून आलं?"

प्रश्न रास्त होता. फोनवर पाच मिनिटांत मी जे उत्तर दिलं ते अपुरं होतं, म्हणून हा लेख.

कोणतं अस्वल, आणि ते असतं कुठे?

जपानमध्ये अस्वलाच्या दोन जाती आहेत. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर तपकिरी अस्वल आहे. ते आडदांड असतं, मोठा नर २०० किलोच्याही पुढे जातो. मधल्या होन्शू बेटावर, म्हणजे तोक्यो, क्योतो, ओसाका जिथे आहेत त्या मुख्य बेटावर, काळं अस्वल आहे. त्याच्या छातीवर पांढरी चंद्रकोर असते, म्हणून जपानी लोक त्याला 'त्सुकिनोवागुमा' म्हणतात. 'त्सुकी' म्हणजे चंद्र आणि 'कुमा' म्हणजे अस्वल. हा लेख मुख्यतः या चंद्रकोरीच्या अस्वलाबद्दल आहे.

ते आपल्याला अगदी परकं नाही. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत जे हिमालयी काळं अस्वल दिसतं, त्याचीच ही जपानी उपजात आहे. आपल्या बुलढाणा, मेळघाट, गडचिरोलीचं अस्वल मात्र वेगळं. ते लांब झिपऱ्या केसांचं, वारुळं फोडून वाळवी खाणारं. जपानी अस्वल मध्यम बांध्याचं असतं, साधारण ४० ते १०० किलो, म्हणजे वजनाने माणसाच्याच आसपास. पण त्याच वजनाच्या माणसाशी त्याची तुलना करू नका. ते ताशी ४० किलोमीटरच्या वर पळतं, झाडावर सरसर चढतं, आणि एका फटक्यात चेहरा फाडू शकतं.

जपानभर अस्वलं आहेत असंही नाही. ओकिनावात ती नाहीत. क्यूशू बेटावरून ती नामशेष झाल्याचं २०१२ मध्ये सरकारने जाहीर केलं. कुमामोतो शहराच्या नावात अस्वल आहे, तिथला 'कुमामोन' हा काळा गुबगुबीत शुभंकर जगभर लाडका आहे, पण कुमामोतो क्यूशूवर असल्यामुळे तिथे खरं अस्वल एकही नाही. शिकोकू बेटावर जेमतेम दोन-तीन डझन उरली असतील, त्यांना जपलं जातं. अडचण आहे ती होन्शूच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागात, विशेषतः आकिता आणि इवाते या प्रांतांत, आणि मधल्या डोंगराळ पट्ट्यात. होन्शूवर अशी अस्वलं ४० हजारांच्या वर असावीत, असा तिथला अंदाज आहे.

आकड्यांमध्ये एक लय दिसते

जपानचं सरकारी वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. २०२३-२४ या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यात २१९ माणसं सापडली आणि ६ जण दगावले. तोवरचा तो उच्चांक होता. एकट्या आकिता प्रांतात ७० जण सापडले. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, देशभरचा आकडा ८५ वर उतरला. लोकांना वाटलं, संपलं. मग २०२५ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांतच २३० च्या आसपास माणसं जखमी झाली किंवा दगावली. त्यांतले मृत्यू १३. (या सगळ्या आकड्यांत होक्काइदोच्या तपकिरी अस्वलाचे हल्लेही धरले आहेत.)

२१९, ८५, २३०. संख्या नुसती वाढत गेली असती तर 'अस्वलं वाढली' म्हणून विषय संपला असता. ती वर-खाली होते, आणि त्यामागे एक झाड आहे.

झाडाचा खाडा

हापूसची बाग असलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. एक वर्ष झाड लगडतं, दुसऱ्या वर्षी खाडा धरतं. तोहोकूच्या डोंगरात 'बूना' नावाचं झाड आहे, इंग्रजीतलं बीच. त्याचा खाडा आंब्यापेक्षा फार टोकाचा असतो. भरघोस फळ काही वर्षांतून एकदाच येतं, आणि खाड्याच्या वर्षी संपूर्ण प्रांतातली झाडं एकाच वेळी रिकामी राहतात. ओकच्या झाडांचंही थोडंफार असंच.

बूनाचं बी आणि ओकची फळं हा अस्वलाचा शरद ऋतूतला मुख्य आहार. डिसेंबर ते मार्च-एप्रिल ते गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत पडून असतं. त्या काळात काही खात नाही, पीत नाही. ही सगळी पुंजी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये अंगावर चरबी म्हणून साठवायची असते, म्हणून या तीन महिन्यांत ते दिवसभर खात सुटतं. नेमकं तेव्हाच झाड रिकामं निघालं, तर ते खाली उतरतं. २०२३ मध्ये तोहोकूत बूनाने खाडा धरला. २०२५ मध्ये पुन्हा धरला. मधलं २०२४ त्यामानाने बरं गेलं. वरचे आकडे याच्याशी जोडून पाहा.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती या साऱ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. अस्वलांची जोडी जमते जून-जुलैमध्ये, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो कित्येक महिने तसाच थांबून राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच गर्भाशयात रुजतो, नाहीतर विरून जातो. पिकाचा अंदाज घेऊन घरात पाळणा हलवायचा की नाही, हे तिचं शरीरच ठरवतं. म्हणजे भरघोस फळाच्या वर्षानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, भरपूर पिल्लं जन्मतात. आणि नेमक्या त्याच वर्षाच्या शरदात खाडा आला, तर डोंगरात खाणारी तोंडं जास्त आणि दाणे शून्य. सर्वांत जास्त तारांबळ अशाच वर्षी उडते.

तोहोकूचं सरकारी वनखातं दरवर्षी बूनाच्या फुला-फळांची पाहणी करून अंदाज जाहीर करतं. आपण पावसाचा अंदाज वाचतो तसे तिथले लोक आता हा अंदाज वाचतात.

पण भूक तर पूर्वीही लागत होती

बूना काही २०२३ मध्ये पहिल्यांदा खाडा धरायला लागला नाही. शंभर वर्षांपूर्वीही उपाशी वर्षं येत होती. मग तेव्हा अस्वलं बस थांब्यापर्यंत का येत नव्हती?

याचं उत्तर 'सातोयामा' या शब्दात आहे. 'सातो' म्हणजे गाव, 'यामा' म्हणजे डोंगर, आणि सातोयामा म्हणजे या दोन्हींच्या मधला पट्टा. आपल्या भाषेत शिवार आणि गायरान मिळून जे होतं, साधारण ते. पूर्वी या पट्ट्यात माणसांचा राबता असे. जळणासाठी लाकूड तोडणं, कोळसा पाडणं, खतासाठी पालापाचोळा गोळा करणं, छपरासाठी 'काया' गवत कापणं. शिराकावागोच्या त्या गवती छपरांना दर काही दशकांनी नवं गवत घालावं लागतं, आणि त्यासाठी गावातली सगळी घरं एकत्र राबतात. या पद्धतीला तिथे 'युई' म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकेचंच ते भावंड. अशा शिवारात झाडं विरळ, झुडपं कापलेली, बारा महिने कुणी ना कुणी वावरत असलेलं, सोबत कुत्रं भुंकत असलेलं. डोंगरातून अस्वल खाली डोकावलं की त्याला मोकळी जागा दिसायची, माणसाचा वास यायचा, आवाज यायचा. ते परत फिरायचं.

१९५०-६० च्या दशकांत घराघरांत गॅस आणि रॉकेल आलं, कोळसा पाडणं थांबलं. मग तरुण मुलं शहरांत गेली. आकिताचं उदाहरण घ्या. आकाराने हा प्रांत आपल्या चंद्रपूर जिल्ह्याएवढा. चंद्रपुरात २०११ च्या जनगणनेत २२ लाख माणसं होती. आकितात आज ९ लाखांहूनही कमी उरली आहेत, आणि त्यांतली जवळजवळ ४० टक्के ६५ वर्षांच्या पुढची. जपानमध्ये सर्वांत म्हातारा झालेला हा प्रांत. शेतं पडीक पडली, गवत छातीपर्यंत वाढलं, झुडपं थेट परसदारापर्यंत आली.

आणि परसात काकीचं झाड आहे. काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ, आपल्या फळबाजारात अलीकडे 'अमरफळ' म्हणून येतं ते. टेंभुर्णीच्याच कुळातलं. आपल्या विदर्भातली अस्वलंही टेंभरांसाठी वेडी असतात, तेव्हा हा शौक दोन्हीकडे सारखाच म्हणायचा. पूर्वी ही काकी सोलून, दोरीला बांधून, पडवीत वाळत घालत. आता घरात ऐंशी वर्षांच्या आजी एकट्या. शिडीवर चढणार कोण? फळं झाडावरच राहतात, ऑक्टोबरात पानं गळतात, आणि निष्पर्ण झाडावर शेकडो गोड गोळे लांबूनही दिसतात, वासही दरवळतो. उपाशी अस्वलाला यापेक्षा मोठं आमंत्रण कुठलं?

एकदा ही चव लागली की आई पिल्लांना घेऊन येते आणि पिल्लं वाट शिकतात. नदीकाठची वेत-झुडपं धरून ती थेट शहराच्या मध्यापर्यंत पोहोचतात. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आकिता शहरातल्या एका सुपरमार्केटमध्ये अस्वल शिरलं, तिथल्या एका कर्मचाऱ्याला जखमी केलं, आणि दोन दिवसांहून अधिक काळ आतच मुक्काम ठोकून बसलं. जुन्नर-शिरूरच्या उसात जन्मलेला बिबट्या उसालाच जंगल समजतो, हे आपण पुणे जिल्ह्यात पाहतोच. तिथे तेच काम ओस पडलेलं शिवार करतं.

म्हणूनच 'अस्वलाने गावात घुसखोरी केली' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. गाव आणि डोंगर यांच्यामधली रेघ कुणी नकाशावर आखलेली नव्हती. ती रोज कोयता चालवून, झाडं झोडपून, चालून-चालून पडलेली होती. हात थांबले तशी ती पुसत गेली.

"जंगलं तोडली म्हणूनच ना हे सगळं?"

आपल्याकडे हेच पहिलं अनुमान निघतं, कारण आपल्याकडे अनेक ठिकाणी ते खरं असतं. जपानमध्ये मात्र जमिनीचा दोन तृतीयांश भाग आजही जंगलाखाली आहे, आणि गेल्या कित्येक दशकांत तो घटलेला नाही. तरी या शंकेत तथ्य आहेच. त्या जंगलातलं साधारण ४० टक्के हे लावलेलं जंगल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला लाकूड हवं म्हणून 'सुगी' आणि 'हिनोकी' या सरळसोट झाडांची लागवड डोंगरच्या डोंगर झाली. दिसायला हिरवंगार, पण अस्वलाच्या तोंडात घालण्यासारखं त्यात काही नाही. निलगिरीच्या लागवडीत उभं राहून पाखरं शोधली तर जसं वाटेल, तसं.

पण ही लागवड अर्धशतकाहून जुनी आहे, त्यामुळे २०२३ आणि २०२५ च्या उसळीचा सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही. शिवाय शिकार कमी झाल्यामुळे अस्वलांचा वावर अनेक भागांत पूर्वीपेक्षा पसरला आहे. त्यांना खाणारा दुसरा प्राणी नाही. जपानमधला शेवटचा लांडगा १९०५ मध्ये नोंदवला गेला.

"मारता कशाला? बेशुद्ध करून दूर सोडा"

हा प्रश्न जपानमध्येही विचारला जातो, आणि फार कळवळून विचारला जातो. गावात अस्वल मारलं की दूरच्या शहरांतून सरकारी कार्यालयांत फोनवर फोन येतात. काम बंद पडावं इतके. फोन करणाऱ्यांची माया खोटी नाही. पण अडचणी समजून घेऊ.

बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीने मारलं तरी ते जवळूनच मारावं लागतं आणि औषध चढायला काही मिनिटं जातात. सिनेमात दाखवतात तसं जनावर जागच्या जागी कोसळत नाही. तेवढ्या वेळात वस्तीत बिथरलेलं अस्वल काय करेल, सांगता येत नाही. दूर सोडायचं तर 'दूर' म्हणजे कुठे? पुढचा डोंगर दुसऱ्या गावाचा आहे. अस्वलं मैलोन्‌मैल चालून मूळ जागी परतही येतात. काही प्रांतांत पिंजऱ्यात पकडलेल्या अस्वलाला तिखटाचा फवारा मारून, मोठे आवाज करून, माणसाची दहशत बसवून सोडतात. पण ज्याला वस्तीतल्या खाण्याची चटक लागली आहे, त्याच्यावर याचा भरवसा कमी.

दुसरी बाजू बंदुकीची. जपानमध्ये बंदूक मिळणं अतिशय कठीण. शिकारीची रायफल हवी असेल तर आधी दहा वर्षं छर्ऱ्याची बंदूक बाळगलेली असावी लागते. १९७० च्या दशकात शिकारीचे परवानाधारक ५ लाखांच्या घरात होते, आता ते निम्म्याहून कमी आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. आकिताच्या आनी भागात 'मातागी' नावाची शिकाऱ्यांची जुनी परंपरा आहे. डोंगर म्हणजे देवी आणि अस्वल म्हणजे तिने दिलेलं दान, अशी त्यांची श्रद्धा. शिकारीनंतर अस्वलाच्या आत्म्यासाठी मंत्र म्हणण्याचा त्यांच्यात विधी आहे. अस्वलाची वाट, त्याची वेळ, त्याचा स्वभाव यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली आहेत.

बाकी ठिकाणी गावात अस्वल आलं की नगरपालिका स्थानिक शिकारी संघाला बोलावते. हे पगारी सैनिक नव्हेत. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त. २०२४ मध्ये होक्काइदोच्या नाइए गावात शिकाऱ्यांनी हे काम नाकारलं, कारण दिवसाला देऊ केलेले साडेआठ हजार येन या जोखमीसाठी फारच कमी होते. मला त्यांचं म्हणणं पटतं. पहाटे चारला उठून, स्वतःच्या बंदुकीने, दुसऱ्याच्या दारातल्या अस्वलासमोर उभं राहायचं, आणि गोळी भिंतीला लागली तर परवाना जाण्याची भीतीही आपणच बाळगायची.

१ सप्टेंबर २०२५ पासून कायदा बदलला. पूर्वी वस्तीत गोळी झाडायला जवळजवळ बंदीच होती. आता अस्वल वस्तीत आलं असेल, तातडीची गरज असेल, दुसरा उपाय नसेल आणि लोकांना गोळीचा धोका नसेल, तर गावचा महापौर परवानगी देऊ शकतो. ५ नोव्हेंबर २०२५ ला आकितात सैन्यही आलं. सैनिक अस्वलांवर गोळ्या झाडतील असं अनेकांना वाटलं, पण कायद्याने त्यांना तसं करता येत नव्हतं. लोखंडी पिंजरे डोंगरात वाहून नेणं, ही त्यांची कामगिरी होती. त्यानंतर काही दिवसांतच पोलिसांच्या रायफल पथकांना गोळीबाराची मुभा मिळाली. २०२३-२४ मध्ये ९ हजारांहून जास्त अस्वलं मारली गेली होती, आणि २०२५-२६ चा आकडा त्याही पुढे गेला.

मारून प्रश्न सुटतो का? नाही. पण घराबाहेर पाऊल टाकायला घाबरणाऱ्या आजीला 'बूनाच्या पुढच्या बहरापर्यंत थांबा' असंही सांगता येत नाही. नागानो प्रांतातल्या कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी वेगळी वाट काढली आहे. तिथली एक संस्था २००४ पासून अस्वलांना हुसकावण्यासाठी शिकवलेली खास कारेलियन जातीची कुत्री वापरते. अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे घालून त्यांच्यावर लक्ष ठेवते. अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचराकुंड्या बसवल्या आहेत. काम संथ, खर्चिक आणि दर रात्रीचं आहे. मला आशा वाटते ती अशाच कामाकडे पाहून.

तुम्ही तिथे गेलात तर

शाळेत ऐकलेली एक गोष्ट आधी बाजूला ठेवा. दोन मित्र, समोर अस्वल, एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचं सोंग घेतो. जपानी काळं अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं झाडावर चढतं. खाडा नसलेल्या वर्षी ते झाडावरच बसून फांद्या मोडत जेवतं. आणि अस्वल दिसताक्षणी आडवं पडणं हा शहाणपणा नव्हे.

जपानमधल्या बहुतेक हल्ल्यांत अस्वलाला तुम्हाला खायचं नसतं. ते दचकलेलं असतं, किंवा त्याच्यासोबत पिल्लं असतात, किंवा तुम्ही त्याच्या खाण्याजवळ गेलेले असता. (अपवाद आहेत. २०१६ च्या मे-जूनमध्ये आकिताच्या काझुनो भागात डोंगरात बांबूचे कोंब खुडायला गेलेली चार माणसं मारली गेली.) म्हणून अर्धी सुरक्षितता त्याला न दचकवण्यात आहे. चालताना बोलत राहा. आपण मराठी माणसं चार जण एकत्र आलो की ते सांगावं लागत नाही, इथे ती सवय कामी येईल. पाठपिशवीला लावायची छोटी घंटी तिथे दुकानांत सर्रास मिळते. पण घंटी लावली की झालं, असं नाही. ओढ्याच्या खळखळाटात, वाऱ्यात, पावसात ती ऐकू जात नाही. वळणावर, झाडोऱ्याच्या तोंडाशी टाळ्या वाजवा, हाक द्या. कानात इअरफोन घालून एकट्याने पहाटे डोंगरवाटेने पळायला जाऊ नका. पहाट आणि तिन्हीसांज या अस्वलांच्या मुख्य वेळा. शरदात मात्र ती भर दिवसाही खात फिरतात.

दुसरं, खाणं. आपण ठेपले, चिवडा, लाडू यांचे डबे घेऊन जातो. ते उघड्यावर ठेवू नका, तंबूत ठेवू नका, उरलेलं पोळीचं तुकडंसुद्धा वाटेवर 'कुणी पाखरू खाईल' म्हणून टाकू नका. ऑगस्ट २०२० मध्ये कामिकोची या सुप्रसिद्ध दरीतल्या तळावर अस्वलाने रात्री तंबू फाडून एका महिलेला जखमी केलं होतं. माणसाचं खाणं एकदा चाखलेलं अस्वल पुढच्या प्रवाशासाठी धोका होतं, आणि शेवटी स्वतःही मारलं जातं.

पाट्या वाचता येत नाहीत, हा आपला खरा प्रश्न. 'कुमा' या अक्षराचं चित्र फोनमध्ये ठेवा. त्या अक्षराच्या तळाशी ओळीने चार ठिपके असतात, वरचा भाग दाट रेघांचा. डिसेंबर २०२५ मध्ये क्योतोच्या कियोमिझु मंदिरात वर्षाचं अक्षर म्हणून मोठ्या कुंचल्याने हेच अक्षर लिहिलं गेलं, त्यामुळे त्याची चित्रं सहज सापडतील. पाटीवर ते दिसलं आणि बाजूला तारीख असेल, तर अस्वल अलीकडेच तिथे दिसलं आहे असं समजा. बरेच प्रांत अस्वल कुठे दिसलं याचे नकाशे इंटरनेटवर टाकतात. आकिताच्या नकाशाचं नाव 'कुमादास'. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे, सकाळी मुक्कामाच्या जागी विचारा: "कुमा, दाइजोबु देस का?" अस्वलांच्या दृष्टीने ठीक आहे ना, असा याचा अर्थ. समोरची व्यक्ती 'त्या वाटेला नको' म्हणाली, तर तिकीट वाया गेल्याचं दुःख न करता ऐका.

समजा दिसलंच. लांब असेल आणि त्याचं लक्ष नसेल, तर गुपचूप मागे फिरा. फोटोसाठी पुढे जाऊ नका. पिल्लू एकटं दिसलं तर समजा की आई जवळच आहे, आणि ताबडतोब मागे व्हा. त्याने तुम्हाला पाहिलं असेल तर पाठ दाखवून पळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा त्याचा स्वभाव आहे, आणि जगातला सर्वांत वेगवान माणूस शर्यतीत क्षणभर जो वेग गाठतो, जवळपास त्या वेगाने ते डोंगरउतारावर धावतं. त्याच्याकडे तोंड ठेवून, सावकाश, एकेक पाऊल मागे घ्या. शक्य असेल तर मध्ये झाड येऊ द्या. लहान मुलांना उचलून घ्या.

तिखटाचा फवारा जवळ असेल तर ते चार-पाच मीटरवर आल्यावर तोंडावर मारायचा. डबा पाठपिशवीच्या तळाशी असेल तर त्याचा उपयोग नाही, तो छातीवर किंवा कमरेला हाताशी हवा. डासांच्या औषधासारखा अंगाला फासायचा नसतो. विमानात तो केबिनमध्येही चालत नाही आणि सामानातही नाही, म्हणून तिथेच विकत किंवा भाड्याने घ्यायचा आणि तिथेच सोडायचा.

आणि अगदी अंगावर आलंच तर पालथे पडा. पाठपिशवी पाठीवरच असू द्या. दोन्ही हातांची बोटं मानेमागे घट्ट गुंफा, कोपर चेहऱ्याच्या बाजूंना आणा. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाचा हाच सल्ला आहे. कारण काळ्या अस्वलाच्या जखमा बहुतेक चेहऱ्यावर होतात, डोळे जातात, नाक जातं. बरेचदा ते एक-दोन फटके मारून निघून जातं. तेवढा वेळ चेहरा, मान आणि पोट वाचवायचं. ही गोष्टीतल्या मित्रासारखी मरणाची बतावणी नाही. गोष्टीतला मित्र उताणा असो वा कुशीवर, तुम्ही पालथेच पडा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा ११९.

"मग जाऊच नये का?"

जा. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख परदेशी लोक जपानला गेले, आणि अस्वलाच्या हल्ल्यात सापडलेली माणसं जवळजवळ सगळी तिथेच राहणारी होती: मशरूम गोळा करणारे, शेतावर जाणारे, अंगण झाडणाऱ्या आजी, गरम पाण्याच्या कुंडाची सफाई करणारा कामगार. तोक्यो-क्योतो-ओसाकाच्या ठरलेल्या सहलीत अस्वल दिसण्याची शक्यता नगण्य आहे. डोंगरातलं गाव, पायवाट, उघड्यावरचं गरम कुंड असं काही आखलं असेल, आणि तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तर वरचं सगळं नीट वाचून जा. लाल पानांचा तो सुंदर हंगाम, आपली दिवाळीची सुट्टी आणि अस्वलांची भूक, तिन्हींची वेळ एकच आहे. अमेरिकेच्या दूतावासानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना याबद्दल सावध केलं होतं.

गावं रद्द करू नका, एवढंच मी त्या दोन्ही कुटुंबांना कळकळीने सांगितलं. तुम्ही राहता ती छोटी खाणावळ-धर्मशाळा, तुम्ही खाता तो भात, यावर तिथली उरलीसुरली घरं टिकून आहेत. माणसांचा राबता आटला की काय होतं, ते वर आलंच आहे.

एक कुटुंब शिराकावागोला जाऊन आलं. त्यांनी आणलेल्या फोटोंत एक काकीचं झाड आहे, पूर्ण झोडपलेलं, एकही फळ नसलेलं. जपानमध्ये एक जुनी रीत आहे, 'किमामोरी'. काकी काढताना शेंड्यावरचं एखादं फळ मुद्दाम ठेवायचं, पाखरांसाठी आणि पुढच्या वर्षी झाड पुन्हा फळावं म्हणून. आता अनेक गावांत नगरपालिका सांगते की सगळी फळं उतरवा, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे माणसं पाठवतो. फोटोतल्या झाडाखाली एक निळी शिडी टेकवलेली आहे, आणि शेंड्यावर काहीच ठेवलेलं नाही.